खरातांचा रणगाडा

तापलेल्या लोखंडाचं माप घ्यायचं नाही, हे खरातांनी मला नोकरीच्या तिसऱ्या दिवशी शिकवलं, तेही चारचौघांत. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी टूलरूमचा इन्स्पेक्टर म्हणून नुकताच लागलो होतो. डिप्लोमाची शाई वाळली नव्हती, खिशात स्वतःचा मायक्रोमीटर होता आणि डोक्यात हवा होती. खरातांनी ग्राइंडिंग करून ठेवलेला पंच, म्हणजे पत्रा कापणारा पोलादी ठोकळा, मी उचलला, मोजला आणि मिलिमीटरचा दीड शतांश मोठा म्हणून बाजूला काढला. खरातांनी पंच सपाट लोखंडी टेबलावर ठेवला, मला चहाला नेलं, परत आणलं आणि म्हणाले, "आता मोजा."

फरक बरोबर शून्यावर आला.

"घासल्यावर तापतंय, फुगतंय. तापलेल्या लोखंडाचं अन् तापलेल्या माणसाचं माप लगेच घ्यायचं नसतं, काळेराव."

टूलरूम हसली. 'काळेराव' हे नाव मला चिकटलं ते तेव्हापासून. त्याआधी मला कुणी राव म्हटलं नव्हतं, आणि खरातही ते आदरानं म्हणत होते अशातला भाग नाही.

खरात म्हणजे भगवान खरात. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, काटकुळे, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना सुतळी बांधलेली. माप घ्यायच्या आधी ते अंगठ्याचं नख पृष्ठभागावरून हळूच ओढत आणि मान वाकडी करून काहीतरी ऐकल्यासारखं करत. मग एक आकडा सांगत. मी मायक्रोमीटर लावून तो पडताळत असे, आणि बहुतेक वेळा आमचं यंत्र खरातांच्या नखाशी सहमत होत असे. त्यांच्या पेटीतल्या फायली जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत एकेक गुंडाळलेल्या असत. त्या मागायची कुणाची छाती नव्हती. नवीन पोरानं मागितलीच तर ते शांतपणे विचारत, "दात घासायचा ब्रश बी शेजाऱ्याचाच वापरता का?"

आता मुद्द्याचं. एवढा कसबी माणूस कागदावर हेल्पर होता. आमच्याकडं तयार होणाऱ्या प्रत्येक डायचं, म्हणजे पत्रा कापायच्या साच्याचं, एक कार्ड असे. त्यावर खाली दोन चौकटी: 'मेकर' आणि 'इन्स्पेक्टर'. मेकरच्या चौकटीत टूलमेकर ग्रेडच्याच माणसाचं नाव लिहायचं, असा नियम. त्यामुळं खरातांनी डाय बनवायची, चौकटीत साळुंके या सीनियर टूलमेकरचं नाव पडायचं आणि शेजारी मी सही ठोकायची. साळुंके माणूस वाईट नव्हता. कार्डं भरायची वेळ आली की तो बिचारा तंबाखू मळायला बाहेर जात असे. मी मात्र तिथंच बसून सुवाच्य अक्षरात त्याचं नाव लिहीत असे. त्याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, नियम होता ना.

खरातांचं आयटीआय शेवटच्या परीक्षेपर्यंत झालेलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मराठवाड्यात गावोगावच्या वस्त्या पेटल्या, त्यात त्यांचंही घर गेलं. म्हातारे आईबाप आणि दोन बहिणींना घेऊन ते शहरात आले, आणि परीक्षा त्याच आठवड्यात होती. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. स्वतः खरात एवढंच म्हणत, "त्या वर्षी परीक्षा राहिली." परीक्षा नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून ग्रेड नाही. पुढं घरात खाणारी तोंडं वाढली, परत परीक्षेला बसणं जमलं नाही. कंपनीत एक पळवाट होती: एखाद्या अधिकाऱ्यानं शिफारस केली, तर अनुभवी हेल्परची ट्रेड टेस्ट घेता येत असे. खरातांनी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा शिफारशीविना परत आला. कार्डावर स्वतःचं नाव पडावं, एवढीच त्या माणसाची मागणी होती. बाहेर सगळं शहर एका नावासाठी भांडत होतं आणि आत हे.

नामांतराच्या बाबतीत ते लपवाछपवी करत नसत. मोर्चाच्या आदल्या दिवशी आमच्याकडं रजेच्या अर्जांचा ढीग पडे आणि जो तो कारण लिही: पोटदुखी. बोर्डेसाहेब, म्हणजे टूलरूमचे प्रमुख, म्हणत की या कंपनीच्या कँटीनची चौकशी केली पाहिजे. खरात लिहीत: 'नामांतर मोर्चास जाणे आहे.' बोर्डेसाहेबांनी त्यांना एकदा बोलावून समजावलं की असं कारण मंजूर करता येत नाही, पोटदुखी लिहा, मी सही करतो. खरात म्हणाले की पोट दुखत नाही. रजा नामंजूर झाली, खरात मोर्चाला गेले, हर्सूलच्या तुरुंगात चार दिवस काढून आले आणि पाचव्या दिवशी आठच्या ठोक्याला कार्ड पंच करून बेंचवर उभे राहिले. त्यांची गैरहजेरी लागली. तिच्याबद्दल त्यांनी काही तक्रार केली नाही.

त्या दिवसांत कँटीनमध्ये टेबलं आपोआप वाटली गेली होती. मी धनगराचा, फुलंब्रीकडचा. आमच्या गावातली पोरं नामांतराच्या विरोधात घोषणा देत, आणि मी ज्या टेबलावर बसत असे तिथं त्यांचेच भाऊबंद असत. मी विरोधात नव्हतो, पण बाजूनंही नव्हतो. मी डब्यात तोंड घालून जेवत होतो. खरातांच्या ते लक्षात आलं नसेल असं नाही. जेवण झाल्यावर बेंचवर मात्र ते माझ्याशी पूर्वीसारखंच वागत, म्हणजे चुका काढत.

मग आमच्याकडं मेजरसाहेब आले. छावणीत घर, फौजेतून निवृत्त, उभी हयात रणगाड्यांत गेलेली. कंपनीनं त्यांना सिक्युरिटी आणि प्रशासन दिलं होतं, आणि बढतीच्या कमिटीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांच्या लेकीनं इंग्लंडहून एक खेळातला रणगाडा पाठवला होता. हातभर लांब, रिमोटवर चालणारा, हुबेहूब. एका दुपारी तो काखेत घेऊन ते टूलरूममध्ये आले आणि तक्रार केली की हा दिसायला रणगाडा आहे, चालायला बैलगाडी. फरशीवर छान पळत होता. वाटेत वीट ठेवली की सगळं धूड एकदम वर उचललं जाई, एक पट्टा हवेत फिरत राही आणि गाडी कलंडे. चाकं प्लास्टिकच्या पक्क्या दांड्यांवर बसवलेली होती, त्यांना वरखाली व्हायची सोयच नव्हती.

मेजरसाहेबांनी खडूनं फरशीवर आकृती काढून खरा रणगाडा कसा असतो ते सांगितलं. प्रत्येक चाकाला स्वतंत्र हात. त्या हाताचं दुसरं टोक पोटाखालच्या आडव्या पोलादी सळईला जोडलेलं. चाक दगडावर चढलं की सळईला पीळ बसतो, दगड सरला की पीळ उलगडतो आणि चाक परत जमिनीला लागतं. साळुंकेनं विचारलं की एवढ्याशा खेळण्यात चौदा चाकांना चौदा सळया मावायच्या कशा. खरात मघापासून उकिडवे बसून बघत होते. ते म्हणाले की डावी अन् उजवी चाकं एकमेकांच्या थोडी मागंपुढं ठेवली की सळया शेजारी शेजारी मावतील. मेजरसाहेबांनी त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. खऱ्या रणगाड्यातही तसंच असतं म्हणे.

"कर सकोगे?" त्यांनी विचारलं.

खरात उठून उभे राहिले. "करतो साहेब. खंडेनवमीला चालवून दाखवतो. चालला तर माझ्या अर्जावर शिफारशीची सही करा. नाय चालला तर मी पुन्हा अर्ज करणार नाय."

बोर्डेसाहेबांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण मेजरसाहेबांनी हात पुढं केला आणि खरातांनी तो धरला. तिसरा अर्ज खरातांनी त्याच दिवशी लिहून त्यांच्याकडं दिला. एका खेळण्यावर माणसानं आपली उरलेली नोकरी लावावी हे मला पटलं नाही, आणि मी तसं म्हणालो. ते म्हणाले, दोन वेळा कागदावर लावून बघितली, आता लोखंडावर बघू.

पुढचा महिनाभर जेवणाची सुट्टी आणि शिफ्टनंतरचा तासभर खरात रणगाड्यात होते. अॅल्युमिनियमच्या पट्टीतून त्यांनी चौदा हात कापले. सळयांसाठी स्प्रिंगची दीड मिलिमीटर तार घेतली. तिची टोकं थंडच वाकवायला गेले तर कडकन तुटली, म्हणून फक्त टोकं तापवून वाकवली आणि त्यांना पुन्हा पाणी देऊन कडक केलं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या सळया त्यांनी मुद्दाम जाड घेतल्या, कारण दगडाचा पहिला मार पुढच्या चाकांना बसतो आणि बॅटरीचं ओझं शेपटाकडं असतं. प्रत्येक हात पितळी बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, फिरायचा. त्या बुशची फिटिंग म्हणजे खरातांच्या आयुष्याची कमाई होती: अर्ध्या शतांशाची फट, त्यात तेलाचा एक थेंब. त्यांनी मला चाक बोटानं दाबायला लावलं. ते लोण्यात बुडावं तसं आत गेलं आणि तसंच वर आलं. मी कार्डाशिवाय पास केलं.

खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, कारखान्यामागच्या मुरमाच्या मैदानावर चाचणी ठरली. माझे वडील, आबा, तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गारखेड्याला माझ्याकडं राहत होते. दिवसभर खोलीत कंटाळत, म्हणून मी त्यांना सोबत आणलं. हिरवा चष्मा, खांद्यावर घोंगडी. ते आले ते थेट खरातांपाशी जाऊन बसले आणि आमच्याकडं जे पहिल्यांदा विचारतात ते विचारलं: आडनाव काय? खरात म्हटल्यावर आबा खुलले. आमच्यात खरात पुष्कळ. "म्हंजी आपल्यातलेच की," ते म्हणाले.

"नाय आबा," खरात म्हणाले. "मी बौद्ध."

आबांची मतं मला ठाऊक होती. ती गावच्या पारावरची होती. पण आबांनी घोंगडी नुसती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चष्मा रणगाड्याकडं वळवला. तेवढ्यात मेजरसाहेबांनी रिमोटची कांडी पुढं केली.

रणगाडा निघाला. पहिल्या खड्ड्यावरून चाकं एकामागून एक अशी वरखाली झाली की मेजरसाहेब वाहवा म्हणाले. दहा-पंधरा फूट गेला. मग मागची चाकं वर गेली आणि वरच राहिली. मग मधली. गाडीनं कुत्र्यासारखी बसकण मारली आणि पट्टे मुरमात नुसतेच घरघरत राहिले. खरातांनी ती उलटी करून एक हात दाबला. हलेना. तेल आणि मुरमाची धूळ यांचा खरडा त्या अर्ध्या शतांशाच्या फटीत जाऊन घट्ट बसला होता.

मेजरसाहेब चांगले होते. ते म्हणाले की धुळीला कोण काय करणार, फरशीवर चालवू. मीही मध्येच म्हणालो की मोटरच कमजोर असेल. खरातांनी आम्हा दोघांचं ऐकून घेतलं.

"धूळ मुरमात असणारच साहेब, तिची काय चूक? फिटिंग मी केली. चूक माझी. अर्ज परत द्या."

मेजरसाहेब रिमोट घेऊन आपल्या कारकडं गेले. खरात मुरमावर तसेच बसून राहिले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हा आबा बोलले. रणगाड्याच्या पोटावर बोट ठेवून म्हणाले, "लई आवळलंय हे. आमी घोड्यावर बिऱ्हाड लादतो तवा पट्ट्यात दोन बोटं जातील एवढी जागा सोडतो. गच्च आवळलं का घोडं पहिल्याच चढाला बसतंय."

"आबा, हे घोडं नाय," खरात जरा तडकून म्हणाले. आयुष्यभर फट कमी करण्यात नाव... म्हणजे नाव नाही, पण कसब कमावलेला माणूस तो.

"बसलंय तर घोड्यावानीच," आबा म्हणाले.

घरी जाताना रिक्षात आबांनी मला विचारलं की त्या माणसाचा चेहरा इतका का पडला. मी सगळं सांगितलं: परीक्षा, घर, अर्ज, चौकट. कुणी घर जाळलं, ते विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही. बाहेर बघत म्हणाले, त्या साली आपली मेंढरं तिकडंच बसली होती, धूर दिसला होता. एवढंच. मी पुढं विचारलं नाही.

सोमवारी खरात माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "तुमच्या आबाची बोटं केवढी जाड हायेत?"

मी म्हटलं, चांगली जाड आहेत.

"तरी वाटलंच," म्हणाले आणि गेले. अर्जाचा विषय त्यांच्या लेखी संपलेला होता. पण बिघडलेलं काम तसंच सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ज्या बुश त्यांनी महिनाभर जीव लावून घासल्या होत्या, त्या चौदाच्या चौदा दोन दशांशानं मोकळ्या केल्या. टूलरूमच्या भाषेत ही फट नव्हे, वेस होती. त्यातून बैल जाईल, असं साळुंके म्हणाला. तेल पुसून काढलं. त्याच्या जागी शिसपेन्सिलीचं शिसं कानशीनं घासून त्याची कोरडी भुकटी भरली. आता बोटानं हलवलं की चाकं लटपटत. खरातांना ते बघवत नसे. ते दुसरीकडं बघत हलवत.

खंडेनवमीला आमच्याकडं मशिनी धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजतात. कामगारांची बायकापोरं कारखाना बघायला येतात, प्रत्येक बेंचवर हत्यारं मांडून त्यांना हळदकुंकू लागतं. खरातांचा बेंच त्या दिवशीही नुसता स्वच्छ असे. फायली रॉकेलमध्ये धुतलेल्या, मायक्रोमीटर पुसलेला, कुंकवाचा ठिपका नाही. कुणी विचारलं तर सांगत, हळदीनं लोखंड गंजतं. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि हळदीनं लोखंड गंजतं हेही खरंच होतं.

प्रसाद वाटून झाल्यावर मेजरसाहेबांनी गेटजवळच्या ढिगावर रणगाडा सोडला. मुरूम, त्यात विटा, त्यात कुठून तरी आलेला एक फुटका नांगर. रणगाडा विटेवर चढला. पुढची चाकं वर, मधली खाली, पोट सपाट. एका सपाट्यात पलीकडं उतरला. मेजरसाहेबांनी तो वळवून पुन्हा चढवला, मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी मूठभर धूळ मुद्दाम चाकांवर टाकली. पट्टे फिरत राहिले. पोरं मागं धावायला लागली. खरात गर्दीच्या मागं उभे होते आणि त्यांचं नख नकळत दुसऱ्या अंगठ्यावरून फिरत होतं.

मेजरसाहेब त्यांच्यापाशी आले. खरात म्हणाले की साहेब, अर्ज मी परत मागितला होता. मेजरसाहेबांनी खिशातून तोच कागद काढला. "तुमने माँगा था. मैंने दिया कब?" कागदाच्या तळाशी त्यांची सही होती. ती आत्ताची होती की रविवारची, हे मला आजतागायत माहीत नाही.

ट्रेड टेस्ट बोर्डेसाहेबांनी घेतली. चौकोनी भोकात चौकोनी तुकडा बसवायचा, चारही बाजूंनी फिरवून, उजेडाकडं धरला तर फट दिसता कामा नये. खरातांनी वेळेआधी दिला. जानेवारीत नोटीस बोर्डवर ऑर्डर लागली. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या नावाचाही निकाल लागला. मराठवाडा तसंच राहिलं आणि हवं होतं ते नाव त्याच्या आधी आलं. त्या दिवसाच्या रजेच्या अर्जावर खरातांनी कारण लिहिलं होतं: 'विद्यापीठाच्या गेटवर पेढे वाटणे आहे.' बोर्डेसाहेबांनी मंजूर लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये खरात पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्या टेबलांवर फिरले. आमच्याही. काहींनी घेतला, काहींनी हात धुवायचे आहेत म्हटलं. मी दोन घेतले, एक आबांसाठी.

फेब्रुवारीत त्यांनी टूलमेकर म्हणून पहिली डाय पुरी केली. माझी वाळूजच्या नव्या प्लँटला बदली झाली होती, तो माझा चिकलठाण्यातला शेवटचा आठवडा. मी कार्ड पुढं ओढलं आणि मेकरच्या चौकटीत लिहिलं: भगवान तुकाराम खरात. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं. हात पुसले आणि पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "मोजा."

मी पंच मोजला. थंड होता, तशी खात्री करून घेतली होती. एक शतांश मोठा होता. असा पंच मी अनेकदा पास केला होता. त्या डायवर हजारो पत्रे कापले गेले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. तसं मी म्हणालोही. म्हटलं, पहिलंच कार्ड आहे, चालतंय.

खरातांनी पंच माझ्या हातातून घेतला, नख ओढलं, मान हलवली.

"साळुंकेच्या नावावर चाललं असतं. हे माझ्या नावावर हाय. लाल मारा, काळेराव."

मी नापासचा लाल शिक्का हातात घेऊन थांबलो. त्यांनी माझं मनगट धरून तो कार्डावर दाबला. मग पंच चिंधीत गुंडाळून, कुणीतरी भेट दिल्यासारखा छातीशी धरून, ते ग्राइंडरकडं निघून गेले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. पण समोरून येणारा साळुंके त्यांच्याकडं बघून हसला, म्हणजे खरात हसत असणार.